किनाऱ्यावरून आलेला शब्द

 १८ ऑगस्ट १९४० हा रविवार होता. त्या दुपारी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, ससेक्समधल्या पोलिंग या लहानशा गावापाशी, ब्रिटिश विमानदलाच्या महिला शाखेतली कॉर्पोरल जोन अ‍ॅव्हिस हर्न टेलिफोनपाशी बसली होती. जर्मनांची स्टुका विमाने पोलिंगच्या रडार ठाण्यावर सूर मारत होती. शेजारच्या ट्रुली टेकडीवरच्या ठाण्याकडून तिला आकडे येत होते आणि ते ती लंडनजवळच्या स्टॅनमोरला कळवत होती : शत्रूची विमाने कुठे आहेत, किती आहेत, कोणत्या दिशेने निघाली आहेत. ज्या विमानांची खबर ती देत होती, तीच तिच्या डोक्यावर येऊन बाँब टाकत होती. तिने फोन खाली ठेवला नाही. पुढे तिला ‘मिलिटरी मेडल’ मिळाले. रणांगणावरच्या शौर्याचे हे पदक त्या युद्धात विमानदलाच्या ज्या स्त्रियांना मिळाले, त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहे.

ब्रिटनच्या हवाई लढाईतला सर्वांत कठीण दिवस म्हणून इतिहासकार या तारखेकडे बोट दाखवतात. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून शंभराहून अधिक विमाने नष्ट झाली. स्टुकांची तर एवढी हानी झाली की त्यानंतर त्यांना या लढाईतून जवळपास मागेच घ्यावे लागले. वैमानिकांचे स्मरण ब्रिटनमध्ये दरवर्षी होते आणि ते व्हायलाच हवे. आम्हाला मात्र आज त्या वैमानिकांना योग्य जागी, योग्य वेळी पोहोचवणाऱ्या माणसांविषयी लिहायचे आहे. ती माणसे किनाऱ्यावर बसून होती. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, विमान नव्हते. त्यांच्याकडे फक्त त्यांचा शब्द होता, आणि तो शब्द वर पोहोचेल, मानला जाईल, अशी व्यवस्था कुणीतरी आधीच उभी करून ठेवली होती. ही व्यवस्था कशी झाली आणि जिथे ती नव्हती तिथे काय घडले, हे शेकडो किलोमीटरचा समुद्रकिनारा सांभाळणाऱ्या महाराष्ट्राने समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

पहिल्या महायुद्धानंतरची पंधरा-वीस वर्षे युरोपातल्या शहरांवर विमानाचे भय दाटून होते. बाँबफेकी विमानाला अडवता येत नाही, ते पोहोचणारच, असे १९३२ मध्ये स्टॅन्ली बाल्डविन यांनी ब्रिटनच्या संसदेत सांगितले होते आणि ते खोटे ठरवायला कुणाकडे पुरावा नव्हता. तोवर विमानाची चाहूल घ्यायची तर ती कानांनीच. डंजनेसच्या किनाऱ्याजवळ काँक्रीटचे प्रचंड आरसे बांधले गेले, प्रकाशाचे नव्हेत, आवाजाचे. त्यांतला एक तर दोनशे फूट लांबीची वक्र भिंतच आहे. दूरच्या इंजिनांची घरघर त्या भिंतीवर गोळा व्हायची आणि मायक्रोफोनमधून ऐकली जायची. वारा शांत असेल तर पंधरा-वीस मैलांवरचे विमान कळे. पण विमानांचा वेग दरवर्षी वाढत होता आणि आवाजाचा वेग वाढत नाही. शत्रूची चाहूल लागेपर्यंत शत्रू दारात येऊन ठेपलेला असायचा. ते आरसे आजही तिथे उभे आहेत.

१९३५ च्या आरंभी ब्रिटिश हवाई मंत्रालयाने रॉबर्ट वॉटसन-वॉट या रेडिओ शास्त्रज्ञाला विचारले होते की रेडिओलहरींनी शत्रूचे विमान पाडता येईल का, वैमानिकाला जायबंदी करता येईल का. वॉटसन-वॉट यांचा सहकारी अर्नोल्ड विल्किन्स याने हिशेब मांडला आणि तसे काही शक्य नाही हे दाखवून दिले. मात्र विमान जवळून गेले की रेडिओसंदेशांत खळबळ होते, ही टपाल खात्याच्या इंजिनिअरांनी नोंदवलेली गोष्ट त्याला आठवत होती. पाडता येणार नाही, पण शोधता येईल, असे उत्तर गेले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतात एका गाडीत उपकरणे ठेवून प्रयोग झाला. बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरींतून एक हेफर्ड बाँबफेकी विमान फिरवले गेले आणि आठ मैलांपर्यंत त्याचा माग पडद्यावर दिसला. हा प्रयोग झाल्याशिवाय पैसा देणार नाही असे ठणकावणारा अधिकारी होता ह्यू डाउडिंग. पुढच्याच वर्षी तो ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचा प्रमुख झाला. पुरावा मागणाऱ्यालाच पुढे त्या पुराव्याचा वापर करावा लागला, हा आम्ही त्या काळातला मोठा सुयोग मानतो.

सफकच्या किनाऱ्यावरच्या बॉड्झी मॅनर या जुन्या वाड्यात पुढचे संशोधन झाले आणि युद्धाला तोंड फुटले तेव्हा व्हेंटनरपासून थेट स्कॉटलंडच्या उत्तरेपर्यंत जवळपास वीस ठाण्यांची साखळी उभी होती. साडेतीनशे फुटांहून उंच पोलादी मनोऱ्यांवरून लहरी समुद्राकडे सोडल्या जात आणि दोनशे चाळीस फुटी लाकडी मनोरे परत येणारा क्षीण प्रतिध्वनी टिपत. पुढच्या काळातल्या रडारसारखे हे मनोरे फिरत नसत. ते एका जागी घट्ट उभे राहून समोरचे सगळे आकाश एकदम लहरींनी भरून टाकत. उंचावरचे विमान शंभर मैलांच्या पलीकडूनही कळे. खाली, लाटांना लागून येणारे विमान मात्र निसटे. म्हणून १९३९ च्या अखेरपासून कमी लांबीच्या लहरींची, फिरत्या अँटेनाची निराळी ठाणी जोडली गेली.

आत बसलेल्या मुलीसमोर काय असे? एका पडद्यावर हिरवट आडवी रेघ. विमान असेल तर त्या रेघेला खाली एक खाच पडे. रेघेवर खाच कुठे आहे त्यावरून अंतर कळे, आणि हे अंतर बहुधा अचूक असे. दिशेसाठी एक मूठ फिरवत राहायचे आणि खाच नाहीशी होईल तो कोन टिपायचा. इथे चूक होण्याला भरपूर वाव होता. विमाने किती आहेत हे तर यंत्र सांगतच नसे. ती खाच कशी थरथरते, किती जलद भरते आणि ओसरते, यावरून सरावलेले डोळे अंदाज बांधत : तीन, बारा, पन्नासहून जास्त. ही विद्या पुस्तकातून येत नाही. ती रोज पडद्यासमोर बसून, आपला अंदाज आणि प्रत्यक्षात निघालेला आकडा पडताळून येते. वॉटसन-वॉट यांनी बॉड्झीतल्या तीन टंकलेखिकांना हे काम शिकवून पाहिले होते आणि त्या उत्तम करतात हे सिद्ध झाल्यावर स्त्रियांना या खोल्यांची दारे उघडली गेली. त्या काळच्या विमानदलात हा निर्णय सोपा नव्हता. बाँब पडू लागले की बायका फोन टाकून पळतील, असे म्हणणारे थोडे नव्हते. पोलिंगची ती दुपार या शंकेला मिळालेले उत्तर होते.

इथपर्यंतची हकीकत यंत्राची झाली. यंत्र तर जर्मनांकडेही होते, आणि त्यांचे ‘फ्राया’ हे रडार बांधणीने ब्रिटिशांच्या साखळीपेक्षा सरस होते. मग फरक कुठे पडला? आमच्या मते तो पडद्यापासून पुढच्या वाटेत पडला.

पोलिंगच्या, राईच्या, डोव्हरच्या ठाण्यावरचा आकडा टेलिफोनच्या तारेने स्टॅनमोरच्या बेंटली प्रायरीतल्या एका खोलीत येई. या खोलीला ते फिल्टर रूम म्हणत. मोठ्या टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरलेला असे. एकाच विमानसमूहाबद्दल दोन-तीन ठाण्यांकडून वेगवेगळे आकडे येत. दिशा कच्ची आणि अंतर पक्के हे ठाऊक असल्यामुळे इथली माणसे दोन ठाण्यांच्या अंतरांचे कंस नकाशावर छेदून पाहत आणि जिथे ते मिळत तिथे विमाने आहेत असे ठरवत. एकट्या साक्षीदाराचे म्हणणे फेकून द्यायचे नाही, आणि आहे तसे मानायचेही नाही. शेजारच्या साक्षीदाराच्या जोडीने ते पारखून घ्यायचे. हे सगळे काही सेकंदांत. पारखलेली खबर तिथून गट मुख्यालयांकडे आणि तळांकडे एकाच वेळी जाई. दक्षिण इंग्लंडचा अकरावा गट कीथ पार्क यांच्याकडे होता आणि अक्सब्रिजला जमिनीखालच्या खोलीत त्याचे टेबल होते.

त्या टेबलाजवळच्या भिंतीवरचे घड्याळ पाहण्यासारखे आहे. तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे आणि निळे त्रिकोण रंगवलेले. काटा ज्या रंगावर असेल त्याच रंगाची खूण नकाशावर ठेवायची. रंग बदलत गेले की जुन्या रंगाच्या खुणा उचलून टाकायच्या. म्हणजे वर सज्ज्यात उभ्या असलेल्या नियंत्रकाला एका दृष्टिक्षेपात कळे की ही खबर ताजी आहे की शिळी. विमान पाच मिनिटांत वीस-पंचवीस मैल जाते. शिळ्या खबरेवर तुकडी पाठवणे म्हणजे तिला रिकाम्या आकाशात पाठवणे. एवढ्याशा रंगाच्या युक्तीमागे किती विचार आहे! युद्धातल्या अनेक भव्य शस्त्रांपेक्षा हे घड्याळ आम्हाला अधिक थोर वाटते.

किनारा ओलांडून विमाने आत शिरली की रडार आंधळे होई, कारण त्याचे तोंड समुद्राकडेच असे. तिथून पुढे ऑब्झर्व्हर कोअरची माणसे. शिक्षक, शेतकरी, दुकानदार, निवृत्त कारकून, असे सुमारे तीस हजार लोक, सुमारे एक हजार चौक्यांवर, दुर्बीण, नकाशा आणि कोन मोजायचे साधे उपकरण घेऊन आळीपाळीने आकाश न्याहाळत. त्यांचा शब्दही त्याच व्यवस्थेत, त्याच टेबलांवर पोहोचे. आणि हे सगळे ज्या तारांवर चालले त्या तारा जोडणारे, बाँबने तुटल्या की रात्रीच्या रात्री पुन्हा सांधणारे टपाल खात्याचे कामगार होते. त्यांच्या नावाचे स्मारक फारसे कुठे दिसत नाही, म्हणून इथे त्यांची आठवण करतो.

डाउडिंगची दूरदृष्टी अशी की ठाण्यांची साखळी पुरी व्हायच्या आधीच, १९३६ आणि ३७ मध्ये, बिगिन हिल तळावर सराव सुरू झाले होते. रडारकडून अशी अशी खबर येईल असे गृहीत धरून लढाऊ विमानांना बाँबफेक्यांपर्यंत कसे न्यायचे, हे माणसे यंत्राच्या आधी शिकली. आणि तरीही चुका झाल्या. युद्ध सुरू होऊन तीन दिवस झाले असताना, ६ सप्टेंबर १९३९ रोजी सकाळी, नसलेल्या शत्रूची खबर वर गेली. तिच्या मागे उडालेली आपलीच विमाने पडद्यावर शत्रू म्हणून मोजली गेली. स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन विमाने पाडली आणि माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी मेला. युद्धात मेलेला तो ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक. अशा वेळी व्यवस्था मोडीत काढणे, खबर देणाऱ्याला दोष देऊन त्याचे तोंड बंद करणे हा सोपा मार्ग होता. तिथे तसे झाले नाही. आपले विमान कोणते हे पडद्यावर ओळखू येईल अशी उपकरणे विमानांत बसवण्याचे काम घाईने पुढे नेले गेले आणि किनाऱ्यावरची माणसे खबर देत राहिली. चुकीच्या इशाऱ्यानंतरही पुढच्या इशाऱ्याची किंमत कमी झाली नाही. इशारा देणाऱ्या कोणत्याही यंत्रणेची खरी कसोटी इथे लागते, असे आमचे मत आहे.

जर्मनांना मनोरे दिसत होते. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांच्या विमानदलाच्या संदेशवहनाचे प्रमुख वोल्फगांग मार्टिनी यांनी ‘ग्राफ त्सेपेलिन’ हे प्रचंड हवाई जहाज ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याजवळून फिरवले आणि लहरी ऐकण्याचा प्रयत्न केला. ते दुसऱ्याच लांबीच्या लहरी शोधत राहिले आणि हाती काही लागले नाही. त्याच वेळी ते जहाज मात्र किनाऱ्यावरच्या पडद्यांवर दिसत होते. १२ ऑगस्ट १९४० रोजी वॉल्टर रुबेन्सडोर्फरच्या निवडक तुकडीने डोव्हर, राई, पेव्हेन्झी आणि केंटमधले डंकर्क या चार ठाण्यांवर हल्ले केले आणि त्याच दिवशी आइल ऑफ वाइटवरच्या व्हेंटनरवर बाँबवर्षाव झाला. पहिली चार ठाणी काही तासांत पुन्हा बोलू लागली. व्हेंटनर काही दिवस मुके होते, पण दुसऱ्या प्रक्षेपकावरून लहरी सोडून ते चालू असल्याचा आभास ठेवला गेला. जाळीचे मनोरे बाँबच्या दणक्याने पडत नव्हते, लहरी थांबत नव्हत्या. तीनच दिवसांनी, १५ ऑगस्टला, जर्मन विमानदलाचा प्रमुख गोअरिंग याने आपल्या सेनानींना सांगितले की रडार ठाण्यांवर हल्ले करत राहण्यात काही अर्थ दिसत नाही.

ही घोडचूक का झाली, याचा विचार केला तर एक गोष्ट लक्षात येते. गोअरिंग आणि त्याचे सेनानी मनोरे मोजत होते. मनोऱ्यांच्या पायथ्याशी झोपड्यांत बसलेल्या मुली, त्यांच्यापासून स्टॅनमोरपर्यंतची तार, ते टेबल, ते घड्याळ, हे सगळे मिळून एक शस्त्र आहे हे त्यांच्या कल्पनेत आले नाही. त्यांच्या स्वतःच्या विमानदलात कॉर्पोरलच्या शब्दावर तुकड्या उडत नव्हत्या. ब्रिटनच्या साखळीत त्या मुलीचा शब्द कुणा वरिष्ठाच्या सहीची वाट पाहत थांबत नसे. तिने सांगितले आणि काही मिनिटांत साठ मैलांवरच्या तळावर वैमानिक विमानाकडे धावत सुटले, एवढे तिच्या शब्दाचे वजन होते. वीस हजार फूट उंची गाठायला स्पिटफायरला बारा-पंधरा मिनिटे लागत आणि इंग्लिश खाडी ओलांडायला जर्मनांना त्याहूनही कमी वेळ पुरे. त्या मिनिटांच्या हिशेबात वरिष्ठांच्या मर्जीला जागा ठेवणे परवडणारे नव्हते.

आता पॅसिफिककडे वळू. ७ डिसेंबर १९४१, हाही रविवारच. हवाई बेटांतल्या ओआहूच्या उत्तर टोकावर, ओपाना येथे, अमेरिकन सैन्याचे एक फिरते रडार होते. पहाटे चार ते सकाळी सात एवढीच त्याची पाळी. जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज एलियट हे दोन साधे सैनिक तिथे होते. सात वाजले, पण त्यांना न्याहारीला नेणारी गाडी आली नव्हती, म्हणून एलियटला सराव व्हावा या हेतूने यंत्र चालू ठेवले गेले. सात वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर एवढी मोठी खूण उमटली की लॉकार्डला आधी यंत्रच बिघडले असे वाटले. सुमारे एकशे तीस मैलांवर विमानांचा मोठा थवा, थेट बेटाकडे येणारा. एलियटने आग्रह धरला आणि फोर्ट शाफ्टरच्या माहिती केंद्राला फोन लावला. केंद्रातले बहुतेक लोक सातला पाळी संपवून निघून गेले होते. उरला होता एक टेलिफोन ऑपरेटर आणि कर्मिट टायलर हा तरुण लेफ्टनंट. टायलर वैमानिक होता. या केंद्रात तो याआधी एकदाच बसला होता आणि तिथे नेमके काय करायचे हे त्याला कुणी नीट शिकवले नव्हते. कॅलिफोर्नियाहून बी-१७ विमाने त्या सकाळी येणार हे त्याच्या कानावर होते. काळजी करू नका, असे त्याने सांगितले. दोन्ही पोरे जवळपास सात-चाळीसपर्यंत तो थवा जवळ येताना टिपत राहिली, मग डोंगरांच्या प्रतिध्वनीत तो हरवला. आठच्या सुमारास पर्ल हार्बरवर जपानी बाँब पडू लागले. त्या दिवशी दोन हजार चारशेहून अधिक अमेरिकन माणसे मेली.

टायलरला दोष देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. चौकशीनंतरही त्याच्यावर कारवाई झाली नाही. त्याच्या समोरचे टेबल रिकामे होते. नौदलाचा, बाँबफेकी दलाचा असा कुणी प्रतिनिधी तिथे नव्हता की ज्याला विचारावे, ही विमाने आपली आहेत का? डाउडिंगच्या टेबलाभोवती असे लोक बसलेले असत. अमेरिकेकडे यंत्र होते, ते नीट चालले, त्याने शत्रूला पुरेसे आधी पाहिले. चाळीस-पन्नास मिनिटांचा अवधी होता. स्टॅनमोरला तेवढा अवधी कधीच मिळत नसे. त्या मिनिटांत जहाजांवर दारूगोळा वाटता आला असता, एकमेकांना खेटून उभी असलेली विमाने उडवता आली असती. एका सैनिकाचा शब्द अर्ध्या वाटेत विरला, कारण पुढची वाट कुणी बांधलीच नव्हती.

अडीच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस डार्विन बंदरावर तेच घडले. बाथर्स्ट बेटावरच्या मिशनमधले फादर जॉन मॅक्ग्रा यांनी डोक्यावरून जाणारा प्रचंड थवा पाहिला आणि साडेनऊच्या पुढे काही मिनिटांनी रेडिओवरून डार्विनला कळवले. डार्विनमध्ये समजूत झाली की ही तिमोरकडे निघून परत फिरलेली अमेरिकन विमाने असावीत. भोंगा वाजला तो दहाच्या सुमारास, बाँबांच्या बरोबरीने. पहिल्या लाटेत १८८ जपानी विमाने होती आणि दोनशेहून अधिक लोक मारले गेले. शहराजवळ ड्रिपस्टोनला नेलेले रडार अजून चालू झाले नव्हते. मार्चमध्ये ते चालू झाले आणि त्यानंतर डार्विनच्या वैमानिकांना वेळेवर इशारे मिळू लागले. पण त्या गुरुवारी रडारची गरजच नव्हती. एका धर्मगुरूने उघड्या डोळ्यांनी पाहिले होते आणि सांगितलेही होते.

त्या वसंतात हे संकट आपल्या दाराशीही आले. ४ एप्रिल १९४२ रोजी श्रीलंकेच्या दक्षिणेस कॅनडाचा वैमानिक लिओनार्ड बर्चॉल याने आपल्या कॅटालिना विमानातून जपानी आरमार पाहिले, पाडले जाण्याआधी खबर दिली आणि युद्धकैदी झाला. एवढी पूर्वसूचना असूनही दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर विमाने आली तेव्हा रत्मलाना तळावरची हरिकेन जमिनीवर सापडली. रडारकडून इशारा आलाच नाही. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाडा यांच्यावर बाँब पडले. मद्रास रिकामे होऊ लागले. मुंबईतूनही त्या वर्षी कुटुंबेच्या कुटुंबे गावाकडे निघून गेली होती. १९७१ च्या डिसेंबरातल्या युद्धाचे काळोख, खिडक्यांना चिकटवलेले कागद आणि रात्रीचे भोंगे तर आजही अनेक मुंबईकरांच्या स्मरणात आहेत.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८. त्या रात्री मुंबईवर हल्ला करायला शत्रू आकाशातून आला नाही, रबरी होडीतून आला. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी दहा जण उतरले. वस्तीतल्या माणसांनी त्यांना पाहिले. हटकलेही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला परका लगेच ओळखू येतो. त्याच्या बोटीचा आकार, तिची वेळ, ओझे उचलण्याची त्याची तऱ्हा, काहीतरी खटकतेच. त्या डोळ्यांनी आपले काम केले होते. पण त्या वस्तीपासून एखाद्या टेबलापर्यंत जाणारी, रोजच्या सरावाने मळलेली वाट नव्हती. हल्ल्याआधी आलेल्या गुप्तवार्तांच्या इशाऱ्यांची शासनात कशी हाताळणी झाली, यावर राम प्रधान समितीने ठेवलेला ठपकाही याच दुखण्याकडे बोट दाखवतो. १९९३ साली श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, तो धडा पंधरा वर्षे आधीच मिळाला होता.

त्यानंतर खूप काही झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. देशाच्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाने रडारांची साखळी उभारली. पहिल्या टप्प्यातच सेहेचाळीस ठाणी, दीपगृहांच्या मनोऱ्यांवर आणि उंच टेकड्यांवर. बोटींवर नंबर आले, रंग आले, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. सागरी पोलीस ठाणी झाली, गावोगाव सागर रक्षक दलात तरुणांची नावे लिहिली गेली. १०९३ आणि १५५४ हे दूरध्वनी क्रमांक किनाऱ्यावरच्या फलकांवर रंगवले गेले. म्हणजे मनोरे आहेत, पडदे आहेत, साक्षीदारही आहेत.

आमचे मागणे पुढच्या वाटेबद्दल आहे. हर्णै, दाभोळ, वर्सोवा, सातपाटी, मालवण या बंदरांवरच्या माणसाने रात्री दोन वाजता खोल समुद्रातून परतताना काही खटकणारे पाहिले आणि फोन लावला, तर तो उचलणाऱ्याला कोळी बोलीतले, मालवणीतले बोलणे कळले पाहिजे. खडक, खाडी, भरती-ओहोटी यांची स्थानिक नावे नकाशावर लगेच सापडली पाहिजेत. मच्छीमार अक्षांश-रेखांशात बोलत नाही आणि त्याने तसे बोलावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्याच्या खबरेची त्याच क्षणी शेजारच्या बोटीच्या, रडारच्या खबरेशी सांगड घालणारा, त्या कामाचे शिक्षण घेतलेला माणूस तिथे चोवीस तास हवा. नुकताच बदलून आलेला, टेबल समजून घेण्याआधी पाळीवर बसवलेला टायलर नको. खबर खोटी निघाली तर त्या मच्छीमाराला पोलीस ठाण्यात बसवून ठेवणे, त्याची एक दिवसाची मासेमारी बुडवणे, हे निक्षून थांबले पाहिजे. तसे एकदा झाले तर पुढच्या वेळी तो फोन करणार नाही आणि त्याचे शेजारीही करणार नाहीत. खबर खरी निघो वा खोटी, तपासात काय आढळले हे त्याला दोन दिवसांत उलट फोनने कळवण्याची सक्ती हवी. पडद्यासमोरच्या मुलींचा अंदाज पक्का होत गेला तो उत्तर परत येत राहिल्यामुळे.

किनाऱ्यावरच्या स्त्रियांना तर या यंत्रणेने अजून पुरते विचारात घेतलेलेच नाही. बोटी पहाटे लागतात तेव्हा बंदरावर आधी पोहोचतात त्या कोळणी. मासळीचा लिलाव, बर्फाच्या गाड्या, कोण आले, कोण गेले, हे सगळे त्यांच्या नजरेखालून जाते. सागर रक्षक दलांच्या याद्यांमध्ये त्यांची नावे किती आहेत, हे गृहखात्याने एकदा मोजून जाहीर करावे. आणि सरावाची कवायत वर्षातून दोनदा न होता दर महिन्याला, न सांगता, वेगवेगळ्या बंदरांवर व्हावी. कोण्या एका बंदरातून केलेला फोन किती मिनिटांत कुणाच्या टेबलावर पोहोचला आणि किती मिनिटांत बोट सुटली, हे दोन आकडे प्रत्येक सरावानंतर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लिहिले जावेत. डाउडिंगकडे भिंतीवर घड्याळ होते. आपल्या किनारी जिल्ह्यांनी निदान एवढा हिशेब उघड्यावर मांडायला येत्या नोव्हेंबरपासून सुरुवात करावी.